दारामागची वाट

 

मागच्या वेळी मी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले. नंतर एका गटातल्या आजी मला म्हणाल्या, "बाई, दर खेपेला व्याज नि हप्ता. कधी तरी कुठं फिरायला तरी ने." म्हणून आज आपण फिरायला जायचं आहे. लांब जायचं आहे, पण एसटीचं तिकीट लागणार नाही.

निघण्याआधी एक काम करा. पेटीत एखादी सेमी पैठणी असेल तर बाहेर काढा. काठावरची वेल बघा, अंगावरची बुट्टी बघा. हाताने एकेक रंग भरून विणलेली अस्सल पैठणी वेगळी, तिचा मान वेगळा. पण आपल्या येवल्याच्या बाजूला सेमी पैठणीचा माग तुम्ही पाहिला असेल, तर त्याच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबलचक माळ फिरताना दिसली असेल. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक पुठ्ठा पुढे सरकतो. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खालीच राहतो. अशी एकेक ओळ करत मोर उमटतो. त्या यंत्राला विणकर 'जॅकार्ड' म्हणतात.

मला बरीच वर्षं वाटायचं की जॅकार्ड हे कंपनीचं नाव असेल. विणकामाच्या एका प्रशिक्षणाची तयारी करताना कळलं की ते एका माणसाचं नाव आहे. जोसेफ मारी जॅकार्ड, जन्म 1752, विणकराच्या घरातला. गाव फ्रान्स देशातलं, नाव ल्यों. त्या गावाबद्दल वाचायला लागले आणि वाचतच राहिले. मी तिथे गेलेले नाही, हे आधीच सांगते. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. पण नकाशा पसरून, फोटो बघून, पुस्तकं वाचून मी त्या गावाच्या जुन्या भागात इतक्या वेळा हिंडले आहे की आज तुम्हाला हात धरून नेते.

ल्यों दोन नद्यांचं गाव आहे. एक रोन, आल्प्स पर्वतातून येणारी, जोराची. दुसरी सोन, संथ. गावाच्या दक्षिणेला दोघींचा संगम होतो. आता शहर खूप मोठं झालं आहे, पण आपल्याला जायचंय ते सोन नदीच्या पश्चिम काठावर. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला उभी टेकडी, आणि मध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी. त्या पट्टीवर जुनं ल्यों बसलेलं आहे. टेकडीचं नाव फुर्विएर. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी पहिली वसाहत त्या टेकडीवर केली. त्यांच्या दगडी नाट्यगृहाच्या पायऱ्या अजून तिथे आहेत. मागून लोक हळूहळू खाली नदीकाठी उतरले.

जुन्या गावाच्या तीन आळ्या आहेत. उत्तरेला सें-पोल, मध्ये सें-झां, दक्षिणेला सें-झॉर्ज. तिन्ही नावं तिथल्या चर्चवरून पडली, जशी आपल्याकडे देवळावरून मारुती आळी नि विठ्ठल आळी पडते. मधल्या आळीतलं सें-झां हे मोठं चर्च बांधायला तीनशे वर्षं लागली. आत एक जुनं घड्याळ आहे, चौदाव्या शतकापासून त्याचा उल्लेख सापडतो. वेळेबरोबर ते चंद्र-सूर्याची जागाही दाखवतं.

आता गल्लीत शिरू. गल्ल्या अरुंद, खाली दगड, दोन्ही बाजूंना चार-पाच मजल्यांची घरं. रंग गेरूसारखे, फिकट गुलाबी, पिवळे. इतकी उंच घरं का? जमीनच नव्हती. टेकडी सरकत नाही, नदी सरकत नाही, मग माणूस वर चढतो. आणि माणसं येतच होती, कारण पंधराव्या शतकात राजाने ल्योंला वर्षातून चार मोठे बाजार भरवायची परवानगी दिली. जत्रा म्हणा हवं तर. इटलीचे व्यापारी आणि सावकार आले आणि इथेच घरं बांधून राहिले. जिथे माल तिथे उधारी, आणि जिथे उधारी तिथे सावकार, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सावकारांच्या त्या हवेल्यांपैकी गादान्य नावाची एक हवेली आज संग्रहालय आहे. एका घराला उंच गुलाबी बुरूज आहे, त्यात गोल गोल फिरत जाणारा जिना. पाहुणे त्या बुरुजाचे फोटो काढतात.

आपण मात्र बुरूज बघायला आलो नाही. आपल्याला बघायची आहेत दारं.

या गल्ल्या बहुतेक नदीला समांतर धावतात. एका गल्लीतून पलीकडच्या गल्लीत जायला आडव्या वाटा फार थोड्या. आता विचार करा, डोक्यावर पाण्याची घागर आहे किंवा खांद्यावर मालाचं गाठोडं आहे, आणि पलीकडे जायला सगळ्या आळीला वळसा घालायचा. लोकांनी काय केलं? घरातूनच वाट काढली. गल्लीवरचं दार ढकलायचं, आत अंधारा बोळ. बोळ संपला की चौक, चौकात विहीर, बाजूला जिना, वर आकाशाचा तुकडा. चौक ओलांडून पुढच्या घराचा बोळ, आणि त्याच्या टोकाला दुसऱ्या गल्लीचं दार. अशा वाटेला तिथे 'त्राबूल' म्हणतात. शब्द जुन्या लॅटिनमधून आला आहे, अर्थ 'आरपार चालत जाणं'.

यातली सगळ्यात लांब वाट सें-झां गल्लीच्या 54 नंबरच्या दारातून सुरू होते आणि एकामागून एक घरं पार करून पलीकडच्या गल्लीत 27 नंबरला निघते. त्या पलीकडच्या गल्लीचं नाव काय सांगू? बैलाची गल्ली. कोपऱ्यावरच्या घराला दगडात कोरलेला बैल अजून आहे. वाचलं तेव्हा मला आपला पोळाच आठवला.

बाहेरून ही दारं इतर दारांसारखीच दिसतात. माहीत असलेलाच दार ढकलतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौज गावात असताना तिच्याविरुद्ध गुपचूप काम करणारी माणसं याच बोळांतून निसटायची, असं सांगतात. आज यातल्या मोजक्याच वाटा पाहुण्यांसाठी खुल्या आहेत, त्याही बहुधा दिवसा. तिथे लोक राहतात. म्हणून नगरपालिकेने रहिवाशांशी करार केला आहे. तुम्ही दिवसा दार उघडं ठेवा, आम्ही चौकाची झाडलोट, दिवाबत्ती आणि डागडुजी यांना हातभार लावू. पाहुण्यांनी आवाज न करता जायचं. करार लेखी आहे. हा 'लेखी' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या बोळांतून काय काय गेलं असेल? पाणी, धान्य, लाकूड. आणि रेशीम. ल्योंचं नाव जगात झालं ते रेशमामुळे. 1536 साली राजाने इटलीतून आलेल्या दोन जाणत्यांना इथे रेशमी कापड विणवायची सवलत दिली आणि माग सुरू झाले. पुढे राजवाड्यांचे पडदे, राण्यांचे झगे, पाद्र्यांची वस्त्रं इथून जायला लागली.

आता मागापाशी या. नक्षीचं कापड जुन्या मागावर विणायचं तर दोन माणसं लागायची. एक विणकर, आणि दुसरी दोऱ्या ओढणारी. नक्षीच्या प्रत्येक ओळीला कुठले ताण्याचे धागे उचलायचे, ते ती दोऱ्या ओढून उचलायची. हे काम बहुतेक लहान मुलींकडे असायचं. दिवसभर मागाच्या बाजूला अंग आखडून उभं राहायचं आणि वजनदार दोऱ्यांचा जुडगा ओढून धरायचा. हात जायचे, पाठ वाकायची. जॅकार्डने 1804 साली आपला माग केला तेव्हा त्या पोरीचं काम भोकांच्या पुठ्ठ्यांनी घेतलं. आधीच्या कारागिरांच्या कल्पना त्याने एकत्र जुळवल्या होत्या, सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यातलं नव्हतं. विणकर आधी चिडले, आमचं काम जाईल म्हणाले. मग त्यांनीच तो माग घरात आणला. भोक म्हणजे 'हो', भोक नाही म्हणजे 'नाही', ही कल्पना पुढे हिशोबाच्या यंत्रांपर्यंत गेली आणि तिथून संगणकापर्यंत. तुमच्या नातवाच्या मोबाइलचा एक पूर्वज मागावर बसलेला होता, असं समजा.

नवा माग उंच होता. जुन्या गावातल्या खोल्यांत तो मावेना. म्हणून विणकर सोन नदी ओलांडून समोरच्या क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर गेले. तिथे त्यांच्यासाठी मुद्दाम चार मीटर उंच छताची, मोठ्या खिडक्यांची घरं बांधली गेली. म्हणून जुन्या गावातून आपणही त्या टेकडीवर चढू. तिथेही घरांमधून आरपार वाटा आहेत. आज तिथे विणकरांचं एक संग्रहालय आहे, त्यात चालू माग दाखवतात. या विणकरांना 'कानू' म्हणत.

कानूचं घर कसं होतं? आपल्या विणकराच्या घरासारखंच. खोलीचा मोठा भाग मागांनी अडवलेला, माणसं वर माळ्यावर निजायची. नवरा विणायचा, बायकोही विणायची, किंवा कांड्या भरायची. मुलं हाताखाली. माग त्यांचा स्वतःचा. पण रेशीम व्यापाऱ्याचं, नक्षी व्यापाऱ्याची, आणि तयार कापडही व्यापाऱ्याचं. कापड किती हात विणलं त्यावर मजुरी. रेशीम किती दिलं आणि कापड किती वजनाचं आलं हे तोलून बघायचे, घट जास्त दिसली की वाद. आणि मजुरीचा दर ठरवायचा व्यापाऱ्याने. परदेशात माल उठत नाही, यंदा मंदी आहे, पलीकडचा कमी दरात करतो, अशी कारणं द्यायची आणि दर उतरवायचा.

मैत्रिणींनो, इथे मी जरा थांबते. ही कारणं मी वाचली तेव्हा मला आपल्याच भागातला एक गट आठवला. नाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना एका व्यापाऱ्याकडून कापडी पिशव्या शिवायचं काम मिळालं. 400 पिशव्या, एकीला 12 रुपये, असं तोंडी ठरलं. कापड त्याचं, शिलाई यांची, मशीन यांची, दोराही यांचाच. बायकांनी रात्री जागून पिशव्या शिवल्या. माल नेताना तो म्हणाला, शिलाई सरळ नाही, 9 देईन. एका पिशवीमागे तीन रुपये, म्हणजे 1200 रुपये गेले. वर तो म्हणाला, नको असेल तर राहू द्या, शेजारचा गट 8 रुपयांत तयार आहे. आणि खरंच, पुढचं काम शेजारच्या गटाने 8 रुपयांत घेतलं. त्यानंतर ते दोन गट हळदीकुंकवालाही एकमेकींच्या दारात गेले नाहीत. मी दोन्ही गटांची समन्वयक. मध्ये पडले, पण माझ्या हातात दाखवायला एक कागद नव्हता. बारा ठरले होते हे मी कशावरून सिद्ध करणार? ते मला आजही लागतं, कारण काम घेताना मी तिथे हजर होते. मीच म्हणाले होते, "माणूस ओळखीचा आहे, कागद कशाला?"

आता परत ल्योंला. कानूंनी काय केलं ते ऐका.

1828 साली त्यांनी एक परस्पर मदतीचं मंडळ काढलं. सभासदाने वर्गणी भरायची, आजारपणात, काम नसताना एकमेकांना आधार द्यायचा. बचत गट म्हणायला हरकत नाही. पुढे त्यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं, त्यात कुठल्या व्यापाऱ्याने कुणाची मजुरी कापली ते छापून यायचं. आणि 1831 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी मागणी केली की प्रत्येक जातीच्या कापडाला कमीत कमी दर ठरवून तो लेखी करा. सरकारी अधिकाऱ्यासमोर व्यापाऱ्यांचे आणि विणकरांचे प्रतिनिधी बसले आणि दरपत्रक ठरलं. विणकरांनी त्या रात्री घरांत दिवे लावले, नाच केला.

पण शंभरावर व्यापाऱ्यांनी सांगितलं, आम्ही हे दर मानत नाही. 21 नोव्हेंबरला विणकर टेकडीवरून खाली उतरले. काळा झेंडा, त्यावर लिहिलेलं, काम करून जगू, नाही तर लढून मरू. गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं गेली. दोन दिवसांनी फौज गाव सोडून निघून गेली आणि अख्खं शहर विणकरांच्या हातात आलं. त्यांनी लूट होऊ दिली नाही, पहारे लावले. पण पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना राज्य नको होतं, दर हवा होता. डिसेंबरच्या सुरुवातीला वीस हजारांची फौज आली, दरपत्रक रद्द झालं, आणि समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्यालाही हटवलं. 1834 च्या एप्रिलमध्ये पुन्हा उठाव झाला, तेव्हा आणखी रक्त सांडलं. जुन्या गावातल्या सें-झॉर्जपर्यंत त्या वेळी लढाई पोचली होती.

मग सगळं संपलं का? नाही. 1835 साली त्याच टेकडीच्या चढावर काही जणांनी एक किराणा दुकान काढलं. खरं वजन, खरा भाव, आणि नफ्यातला वाटा गिऱ्हाईकांना. फ्रान्समधलं ते पहिलं ग्राहक सहकारी दुकान मानलं जातं. तीन वर्षांत बंद पडलं, पण वाट पडली ती पडली. आपल्या गटांच्या धान्य दुकानांची कल्पना किती जुनी आहे बघा.

या सगळ्यात बायका कुठे होत्या, असं तुम्ही विचाराल. घरातल्या बाईच्या कांड्या मोजल्या जात नव्हत्या, जशा आपल्याकडे मोजल्या जात नाहीत. पण 1869 साली रोन नदीपलीकडच्या कारखान्यांत एक गोष्ट घडली. तिथे रेशमाच्या धाग्याला पीळ देण्याचं काम बायका आणि मुली करायच्या. खेड्यापाड्यातून आलेल्या, काही थेट इटलीतून आलेल्या. राहायचं मालकाच्याच खोल्यांत. दिवसाला बारा तास काम आणि मजुरी सुमारे एक फ्रँक चाळीस सांतीम. त्याच कामात पुरुषांना जास्त मिळायचं. त्यांनी मागितलं की दोन फ्रँक द्या आणि दहा तास करा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतला. जवळजवळ दोन हजार जणींनी काम थांबवलं. मालकांनी त्यांच्या पेट्या रस्त्यावर आणून ठेवल्या, कारण खोली मालकाची होती. तरी महिनाभर त्या टिकल्या. त्यांच्यात पुढे असलेल्या एकीचं नाव इतिहासात राहिलं आहे, फिलोमेन रोझां. बऱ्याच ठिकाणी तास कमी झाले. मजुरीची वाढ मात्र मिळाली नाही. अर्धंच मिळालं. पण बारा तास उभं राहणाऱ्या बाईला विचारा, दोन तास म्हणजे काय.

चला, टेकडी उतरून पुन्हा जुन्या गावात. भूक लागली असेल. इथे छोट्या खानावळी आहेत, त्यांना 'बूशों' म्हणतात. एक पदार्थ तुम्हाला नक्की आवडेल. पाणी निथळलेला ताजा चक्का घ्यायचा, त्यात बारीक चिरलेला कांदा, लसूण, पातीसारखी हिरवी पानं, मीठ, मिरपूड, थोडं तेल आणि शिरका. पावाला लावून खायचं. नाव काय? 'विणकराचा मेंदू'. मांस परवडत नसलेल्या कानूचं हे जेवण. घरी दह्याच्या चक्क्यात कांद्याची पात घालून करून बघा, भाकरीबरोबर छान लागतं.

ल्योंच्या स्वयंपाकाचं नाव मोठं केलं ते बायकांनी. श्रीमंतांकडे स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या बायकांनी आपापल्या खानावळी काढल्या. लोक त्यांना 'आई' म्हणायचे, जसं आपण खानावळवाल्या मावशींना मावशी म्हणतो. त्यातली एक युजेनी ब्राझिए. 1895 साली शेतकऱ्याच्या घरी जन्मली. आई लहानपणीच गेली, दहाव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या शेतावर गुरं राखली. लग्नाआधी मूल झालं म्हणून घर सुटलं. ल्योंला घरकाम करत करत स्वयंपाक शिकली. 1921 साली विणकरांच्या टेकडीच्या पायथ्याशी तिने छोटी खानावळ टाकली. पुढे जवळच्या डोंगरावर दुसरी काढली. 1933 साली तिथल्या सगळ्यात नामांकित मार्गदर्शक पुस्तकाने तिच्या दोन्ही ठिकाणांना तीन-तीन तारे दिले. तीनपेक्षा वर तारे नसतातच. पोल बोकूझ नावाचा पुढे जगभर गाजलेला आचारी तरुणपणी तिच्या हाताखाली शिकला.

आता शेवटची गोष्ट. आज आपण ज्या गल्ल्यांतून फिरलो त्या आज उभ्या नसत्या. श्रीमंत लोक केव्हाच नव्या पेठांत गेले होते, विणकर टेकडीवर गेले. मागे उरले गरीब भाडेकरू. एकेका खोलीत सगळं कुटुंब, ओल, अंधार, सगळ्यांना मिळून एक संडास. विसाव्या शतकाच्या मध्याला ही वस्ती म्हणजे शहराची घाण, असं बोललं जाई. महापौरांचा विचार होता की इथली घरं पाडून मधून मोठा रस्ता न्यायचा. त्याला विरोध केला गावातल्या माणसांनी. जुनं गाव वाचवायला त्यांनी 1946 सालीच संघटना काढली होती. त्यांनी लोकांना बोळांतून फिरवलं, भिंतींवरचा काळा थर काढून आतला दगड दाखवला, अर्ज केले, सभा घेतल्या. 1962 साली फ्रान्समध्ये जुन्या वस्त्या राखण्याचा कायदा झाला, आणि 1964 साली त्या कायद्याखाली देशात सगळ्यात पहिल्यांदा संरक्षण मिळालं ते या जुन्या ल्योंला. 1998 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं.

पण गोष्ट इथे गोड करून संपवली तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. घरं दुरुस्त झाली, भिंती उजळल्या, पाहुणे आले, आणि भाडी वाढली. ज्या ओल्या खोल्यांत गरीब माणसं राहत होती त्या खोल्या चांगल्या झाल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच माणसांना तिथे राहणं परवडेना. दगड वाचले, माणसं हलली. आपल्याकडे वाडा दुरुस्त होतो, घाट सुधारतो, पर्यटन येतं, तेव्हा हा प्रश्न आपणही विचारायला हवा. दुकान कुणाला मिळणार? जिच्या दारातून वाट जाते तिला काय मिळणार? हे आधी ठरलं पाहिजे, आणि कागदावर ठरलं पाहिजे.

आता त्या पिशव्यांचं पुढे काय झालं ते सांगते. गेल्या दिवाळीनंतर मी दोन्ही गटांना एका ओसरीवर बसवलं आणि हीच विणकरांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा कुणी बोलेना. मग 8 रुपयांत काम घेतलेल्या गटातली एक म्हणाली, "आम्हाला काय माहीत तुमचं बारा ठरलं होतं? त्याने सांगितलं, तुम्ही आठमध्येच केलं." दोन्हीकडे वेगळं सांगून दोघींना पाडलं होतं. दोन वर्षं एकमेकींशी बोलणं नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या, दोन्ही गटांच्या ठराव वहीत सारख्याच लिहिल्या आणि अध्यक्ष-सचिवांनी सह्या केल्या. एक, नगावरचं काम घेताना दर, नग, तारीख आणि पैसे कधी मिळणार हे लिहून दोन्ही बाजूंची सही, एक प्रत आपल्याकडे. दोन, पहिला नमुना शिवून दाखवायचा, त्यावर व्यापाऱ्याची सही घ्यायची आणि तो नमुना गटाच्या पेटीत ठेवायचा, म्हणजे शिलाई सरळ की वाकडी ते त्याच्याशी ताडून बघता येईल. तीन, दुसऱ्या गटाने सोडलेलं काम घेण्याआधी त्यांना विचारायचं की का सोडलं. एवढंच.

या अटींवर एक काम हातचं गेलं, तो व्यापारी सही करायला तयार नव्हता. चार बायका माझ्यावर रागावल्या, त्यांचं खरंही होतं, घरात त्या महिन्याला पैसा आला नाही. दुसरं काम मात्र 11 रुपयांनी मिळालं, लेखी, दोन्ही गटांनी वाटून केलं. बारा नाही मिळाले. पण अकरा ठरले आणि अकराच हातात आले.

पुढच्या बैठकीला माझं एक सांगणं आहे. गावातल्या जुन्या आळीत एक चक्कर मारा. कुठल्या घरात कुठला धंदा होता, पाण्याला बायका कुठल्या वाटेने जायच्या, कुठलं दार आता बंद झालंय, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा आणि वहीत लिहा. आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीने लिहा, सध्या कुठलं काम नगावर करतेय आणि काय दर मिळतो. मग पानं शेजारी ठेवून बघा. काय दिसलं ते मला पत्राने किंवा फोनवर नक्की कळवा.

आणि हो, पैठणीची घडी घालताना काठावरून एकदा हात फिरवा.

नमस्कार.